जन्म, चिन्ह आणि नक्षत्रे : ‘स्टार ट्रेक’मधील काही प्रसंग

एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा आणि पालि वाङ्मयाचा संबंध काय, असा प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकांच्या मनात येईल. तो योग्यच आहे. त्याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे अशी अपेक्षा आहे. आरंभी एवढेच नमूद करतो की आम्ही ‘स्टार ट्रेक’चे जुने चाहते आहोत. चाहत्याने केलेली समीक्षा नेहमीच थोडी पक्षपाती असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत ‘एन.बी.सी.’ वाहिनीवर या मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला. ७९ भाग होऊन १९६९ च्या जूनमध्ये ती बंद पडली. पुढे १९८७ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’, १९९३ पासून ‘डीप स्पेस नाइन’, २००१ पासून ‘एंटरप्राइज’ अशा तिच्या शाखा निघत गेल्या आणि जवळजवळ साठ वर्षे हे कथानक वाढतच राहिले. १९८० च्या दशकात दूरदर्शनने मूळ मालिका रविवारी सकाळी दाखविली. १९८२ चा गिरणी संप नुकताच होऊन गेला होता. परळ, लालबाग, नायगाव येथील चाळींत मजल्यावर एखाददुसरा संच असे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी कोणी आत बसावे आणि कोणी दारातून पाहावे, हेही काही ठिकाणी न बोलता ठरलेले असे. आमच्या पिढीला ही मालिका १९९० नंतर केबलवर, ‘स्टार प्लस’ या तेव्हाच्या इंग्रजी वाहिनीवर भेटली. तीत एक अंतराळयान परक्या ग्रहांवर जाते, तेथील लोकांना भेटते आणि पुढे निघून जाते, एवढेच कथासूत्र. परंतु त्या परक्या लोकांत कोण श्रेष्ठ, कोण कनिष्ठ आणि का, हा प्रश्न दर दोन-चार भागांनी डोके वर काढतो. आमच्या आवडीचे बहुतेक प्रसंग त्याच प्रश्नाभोवतीचे आहेत.

अशा प्रसंगांची पारख कोणत्या कसोटीने करावी? मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात आम्हांस एक कसोटी सापडते. ब्राह्मण वर्ण हाच श्रेष्ठ, असा पक्ष घेऊन आलेल्या तरुण अस्सलायनाला तथागत विचारतात की योन, कंबोज आणि इतर सीमावर्ती देशांत मालक व दास असे दोनच वर्ण असून तेथे मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय? अस्सलायन ‘होय’ म्हणतो आणि त्याच्या सिद्धान्ताचा पाया तेथेच हलतो. जे येथे सृष्टीचा नियम म्हणून सांगितले जाते, ते चार नद्या ओलांडल्यावर अस्तित्वातच नसेल तर तो नियम सृष्टीचा कसा? दूरच्या देशाचा आरसा धरून जवळची रूढी दाखविण्याची ही रीत आहे. उत्तम विज्ञानकथा हेच करते. तिचे योन-कंबोज तेवढे ताऱ्यांपलीकडे असतात.

दुसरी कसोटी वासेट्ठ सुत्ताची. हे सुत्त मज्झिम निकायात आणि सुत्तनिपातातही आले आहे. पालीत ‘जाति’ या शब्दाचा अर्थ जन्म असाही होतो आणि प्राणिमात्रांचा प्रकार असाही होतो. तथागत वासेट्ठाला गवत, वृक्ष, किडामुंगी, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी अशी क्रमाने उदाहरणे देतात. यांच्यात जातिभेद आहे, कारण त्याचे चिन्ह शरीरावरच दिसते. मग ते माणसाकडे वळतात. केस, कान, डोळे, हात, पाय, वर्ण, स्वर यांपैकी कशातही तसे चिन्ह नाही. माणसामाणसांतील भेद हा केवळ ‘समञ्ञा’ आहे, म्हणजे व्यवहारात दिलेले नाव आहे. जो गाई राखून जगतो तो शेतकरी, जो बाण-भाल्यावर जगतो तो योद्धा.

या दुसऱ्या कसोटीवर ‘स्टार ट्रेक’ची अडचण होते, आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी. या मालिकेत माणसांतील भेद दाखविण्यासाठी परग्रहांवरील प्राणिजाती योजिल्या आहेत. क्लिंगॉन जन्मतः लढवय्ये, फेरेंगी जन्मतः नफेखोर, व्हल्कन जन्मतः तर्कनिष्ठ. प्रत्येकाच्या कपाळावर, कानांवर किंवा नाकावर रबराचे एक चिन्ह चिकटविलेले असते आणि त्या चिन्हाबरोबर स्वभावही येतो. वर्णाचा भेद मांडता मांडता मालिका नकळत पुरुषसूक्ताच्या वाटेला लागते : जन्म सांगा, गुण आणि कर्म आम्ही सांगतो. विश्वबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या मालिकेत हे घडते म्हणून ते अधिक खटकते. (मूळ मालिकेत ठळकपणे येणारे भारतीय नाव म्हणजे १९६७ च्या ‘स्पेस सीड’मधील खान नूनियन सिंग. तो जनुकनिवडीने घडविलेला अतिमानव आणि हुकूमशहा आहे, आणि ती भूमिका एका मेक्सिकन नटाने केली आहे. जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीचे शास्त्र, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला होता. त्यानंतर तीस वर्षांनी हॉलिवुडला अतिमानवाची कल्पना भारताशी जोडावीशी वाटली, याची गंमत वाटते.)

तरीही या मालिकेत असे काही क्षण आहेत की जेथे तो सांचा मोडतो.

पहिला क्षण पडद्याबाहेरचा आहे. यानावरील संपर्क अधिकारी लेफ्टनंट उहुरा ही भूमिका निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री करीत असे. तोपर्यंत अमेरिकन दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय स्त्री बहुधा मोलकरणीच्याच रूपात दिसे. पहिल्या वर्षानंतर निकोल्स मालिका सोडणार होत्या. एका समारंभात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग भेटले, आपण या मालिकेचे चाहते आहोत असे त्यांनी सांगितले आणि जाऊ नका असा आग्रह धरला, ही हकीकत निकोल्स यांनी पुढे आयुष्यभर सांगितली. मोलकरीण नसलेली, अधिकाराच्या जागी बसलेली आपली स्त्री मुलांना दिसली पाहिजे, हा किंग यांचा मुद्दा होता. हेच डॉ. किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब आणि गांधीजी यांची पहिली भेट झाली ती त्याच वास्तूत. केरळातील एका शाळेत आपली ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य’ अशी करून देण्यात आली, प्रथम राग आला आणि मग ते खरेच आहे हे पटले, असे किंग यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले आहे. उहुराच्या वाट्याला संवाद फार थोडे आले, ही तक्रार निकोल्स यांची स्वतःचीही होती. परंतु त्या खुर्चीत ती बसलेली आहे आणि त्याचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही, यातच त्या दृश्याचे बळ आहे.

दुसरा क्षण १० जानेवारी १९६९ रोजी दाखविलेल्या ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ या भागातील. चेरॉन ग्रहावरचे बील आणि लोकाय यानावर येतात. दोघांचेही अर्धे शरीर काळे आणि अर्धे पांढरे. बील हा अधिकारी आहे, लोकाय हा पळून आलेला बंडखोर. आपण आणि तो वेगळ्या वंशाचे आहोत हे उघड नाही काय, असे बील विचारतो, तेव्हा कॅप्टन कर्क आणि स्पॉक गोंधळून पाहत राहतात. त्यांना भेद दिसतच नाही. बीलची उजवी बाजू काळी आणि लोकायची डावी, एवढाच तो भेद. वासेट्ठ सुत्ताची एवढी नेमकी दृश्य-अट्ठकथा आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही. पाहणाऱ्याला जे दाखवून द्यावे लागते ते चिन्ह नव्हे, ती समञ्ञा होय.

येथवर ठीक. परंतु शेवटी चेरॉन ग्रह दोन्ही बाजूंच्या द्वेषाने बेचिराख झालेला दाखविला आहे, आणि दोघेही सारखेच आंधळे असा निवाडा लेखकांनी दिला आहे. तो आम्हांस मान्य नाही. लोकायचे लोक गुलाम होते, हे त्याच भागात सांगितलेले आहे. गुलामाचा संताप आणि मालकाचा तिरस्कार एकाच तराजूत घालणे हा समतेचा आभास आहे. १९७४ च्या वरळीच्या दंगलीनंतर असोत वा पुढच्या कोणत्याही दंगलीनंतर, दोन्ही गटांनी संयम पाळावा हा उपदेश आपल्या वस्त्यांनी पुष्कळ ऐकला आहे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दाखविलेला ‘द क्लाउड माइंडर्स’ हा भाग गिरणगावच्या माणसाला विशेष जवळचा वाटावा. अर्डाना ग्रहावर स्ट्रॅटॉस नावाचे नगर ढगांत तरंगते. तेथे चित्रकला आहे, संगीत आहे, तत्त्वचर्चा आहे. खाली खाणींत ट्रॉग्लाइट नावाचे लोक झेनाइट हे खनिज काढतात. त्यांना वर राहण्याचा अधिकार नाही. त्यांची बुद्धीच कमी आहे, कलेचा आनंद त्यांना पेलणार नाही, असे नगरप्रमुख प्लासस सांगतो. तो हे रागाने सांगत नाही. सुसंस्कृत गृहस्थ हवामानाविषयी बोलतो तसे सांगतो. यानाचा डॉक्टर शोधून काढतो की खनिजातून निघणाऱ्या वायूमुळे खाणीतील माणसाची बुद्धी मंदावते आणि तो हिंसक होतो; खाणीबाहेर राहिल्यास तो परिणाम ओसरतो. प्लासस हे मानीत नाही. तेव्हा कर्क त्याला खाणीत नेतो आणि वाट बंद करून घेतो. थोड्याच वेळात तो सुसंस्कृत गृहस्थ खवळून कर्कच्या अंगावर धावून जातो. उच्चपणाचा सारा डोलारा दोन घटकांत कोसळतो. युक्तिवादाला न बधणाऱ्याला परिस्थितीत बसविणे, ही कर्कची रीत आम्हांस फार आवडते.

पण या भागाचे उत्तर अपुरे आहे. कामगारांना गाळणीचे मुखवटे द्यावेत म्हणजे प्रश्न सुटेल, असे तो सुचवितो. मुंबईच्या गिरण्यांत रुईच्या धुळीने छातीचे विकार होत, आणि ती धूळ सर्वांच्याच छातीत जाई. तरीही अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकामात, प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे; अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. विणकामाची मजुरी अधिक, म्हणून ती बंदी पोटावर येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा पुढचा प्रसिद्ध सिद्धान्त या धोट्याच्या अनुभवाजवळचाच आहे. मुखवटा लावून वायू अडविता येतो. खाणीतील दोन कामगारांपैकी एकाला दुसऱ्याचा विटाळ होत असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न स्ट्रॅटॉसच्या लेखकांना सुचलेला नाही. सुचण्याचे कारणही नव्हते.

तो प्रश्न सुचला सत्तावीस वर्षांनी, ‘डीप स्पेस नाइन’च्या लेखकांना. २६ फेब्रुवारी १९९६ रोजी दाखविलेला ‘ॲक्सेशन’ हा भाग आमच्या मते या साऱ्या पसाऱ्यातील जातिव्यवस्थेवरचा सर्वांत नेमका भाग आहे. बजोर ग्रहावर पूर्वी ‘डजारा’ नावाची व्यवस्था होती : ज्या घराण्यात जन्म, त्या घराण्याचा व्यवसाय. कार्डॅशियन सत्तेने ग्रह बळकावला तेव्हा सर्वांनाच शस्त्र हाती घ्यावे लागले आणि डजारा मोडले. बजोर स्वतंत्र झाला. मग दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झालेला अकोरेम लान हा कवी एकाएकी परत येतो, देवतांचा दूत म्हणून मान्यता पावतो आणि डजारा पुन्हा पाळा असे सांगतो.

अकोरेम दुष्ट नाही. तो मृदुभाषी आहे, प्रामाणिक आहे, लोकांचे भले व्हावे असेच त्याला वाटते. प्रत्येकाने आपल्या पूर्वजांचे काम करावे, त्यात समाधान आहे, असे तो म्हणतो. आमच्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १९३६ साली ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी बाबासाहेबांना उत्तर दिले, त्याचे सूत्र हेच होते : वर्णधर्म म्हणजे वाडवडिलांच्या व्यवसायाने पोट भरणे, आणि सर्व व्यवसाय समान मोलाचे. लेखकांनी हे उत्तर वाचले होते की नाही यास महत्त्व नाही. जातीचे समर्थन सभ्य माणसाच्या तोंडून कसे येते, हे त्यांनी ओळखले, हे महत्त्वाचे.

या भागातील आमचा आवडता प्रसंग खुनाचा नाही. तो मेजर किराचा आहे. किरा नेरिस ही मुक्तिसंग्रामातील लढवय्यी, स्थानकावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी. तिचे घराणे कलावंतांचे. आयुष्यात कधी मातीला हात न लावलेली ही स्त्री दूताची आज्ञा म्हणून मूर्ती घडवू लागते. तिला एक पक्षी करावयाचा आहे; तो काही केल्या जमत नाही. तरीही ती पदाचा राजीनामा देण्याची तयारी करते. परकीय सत्तेला जिने मान तुकविली नाही, ती श्रद्धेपुढे तुकविते. तिला कोणी धमकावलेले नाही, पहारा नाही, दंड नाही. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, या बाबासाहेबांच्या विश्लेषणाचे इतके स्वच्छ चित्र दुसरे नाही. लोकांना वाटते की जातीने खालच्या माणसाचेच नुकसान होते. किराचे घराणे उच्च आहे, आणि तिचेही आयुष्य तिच्या हातून काढून घेतले जाते.

मग खून होतो. एक धर्मोपदेशक दुसऱ्या धर्मोपदेशकाला वरच्या मजल्यावरून ढकलून देतो. मेलेल्याचा गुन्हा एवढाच, की त्याचा जन्म अपवित्र मानलेल्या डजारातील होता आणि तो आपले पद सोडीत नव्हता. मारणारा शांत आहे; आपण नियम पाळला, असे त्याला वाटते. मृदुभाषी कवीच्या काव्यात ही हिंसा आधीपासून होती. ती बाहेर यावयास फार काळ लागला नाही, इतकेच. स्थानकाचा प्रमुख सिस्को हा स्वतः कृष्णवर्णीय आहे. ग्रहसंघाच्या सनदेत जातीवर आधारलेल्या भेदाला थारा नाही, म्हणून बजोरला संघाचे सदस्यत्व मिळणार नाही, हे तो ओळखतो आणि दूतपदावरचा हक्क पुन्हा सांगतो.

यानंतर मात्र भाग घसरतो. सिस्को आणि अकोरेम दोघे देवतांसमोर जातात, देवता सिस्कोच्या बाजूने कौल देतात, अकोरेम आपल्या काळात परत पाठविला जातो आणि डजारा पुन्हा मिटतात. म्हणजे जात गेली ती देवाने नाकारली म्हणून. उद्या देवाने पुन्हा मागितली तर? शास्त्राचा प्रामाण्यभाव तसाच राहिला, केवळ या वेळी शास्त्र आपल्या बाजूने बोलले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती तिच्यात अनुकूल श्लोक सापडतो की नाही हे पाहून नव्हे. बजोरच्या एकाही नागरिकाने, अगदी किरानेसुद्धा, ‘देव काहीही म्हणोत, मी हे मानणार नाही’ असे म्हटले नाही, ही या भागातील मोठी उणीव आहे. पडद्यावर तो संवाद यावा म्हणून आम्ही आजही वाट पाहतो, आणि प्रत्येक वेळी तो येत नाही.

जो प्रसंग आम्हांस आवडत नाही, पण विसरताही येत नाही, तो ३० एप्रिल २००३ च्या ‘कोजेनिटर’ या भागातील. व्हिसियन लोकांत अपत्यप्राप्तीसाठी तिसऱ्या लिंगाची व्यक्ती लागते. अशा व्यक्ती थोड्या असतात. त्यांना नाव नसते, शिक्षण नसते. त्या या जोडप्याकडून त्या जोडप्याकडे दिल्या जातात. यानाचा अभियंता टकर तपासून पाहतो, तर त्या व्यक्तीच्या मेंदूची क्षमता इतरांइतकीच. तो तिला चोरून वाचावयास शिकवितो. ती भराभर शिकते. पाटीवर अक्षरे उमटू लागली की माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे ज्यांनी रात्रीच्या वर्गांत पाहिले आहे त्यांना ती दृश्ये पाहताना भरून येईल. ती स्वतःला नाव घेते आणि यानावर आश्रय मागते. कॅप्टन आर्चर आश्रय नाकारतो, तिला परत पाठवितो, आणि ती आत्महत्या करते. त्यानंतर आर्चर टकरला फैलावर घेतो : तू ढवळाढवळ केलीस म्हणून ती मेली. टकर मान खाली घालतो. भाग तेथेच संपतो.

परक्यांच्या रूढींत हात घालू नये, हे तत्त्व ऐकावयास नम्र वाटते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे जे अभिवचन होते, त्याची फळे अस्पृश्यांनी भोगली. नोव्हेंबर १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी सरकारला तोंडावर विचारले होते की तुमच्या येण्यापूर्वी आम्हांस विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते. आज येते काय? हस्तक्षेप न करणे हीही एक बाजू घेणेच असते. त्या व्यक्तीचा मृत्यू तिला अक्षर शिकविल्यामुळे ओढवला की दार बंद केल्यामुळे, हा प्रश्न भागाने विचारावयास हवा होता. त्याने उत्तर दिले, आणि तेही दार बंद करणाऱ्याच्या तोंडून. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंना हीच दूषणे मिळाली होती.

पालीच्या अभ्यासकाला सर्वांत अधिक आनंद देणारा प्रसंग मात्र १९८९ च्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात आहे. डेटा हा मानवाकृती यंत्र-अधिकारी. एक शास्त्रज्ञ त्याचे सुटे भाग करून अभ्यास करू इच्छितो. डेटा नकार देतो. तेव्हा तो व्यक्ती आहे की मालमत्ता, हा खटला उभा राहतो. सरकारी बाजू मांडण्याचे काम त्याच्या मित्राला, रायकरला, सक्तीने करावे लागते. रायकर भर न्यायालयात डेटाचा हात सुटा करून दाखवितो आणि शेवटी एक कळ दाबून त्याला बंद करतो. डेटा बाहुलीसारखा पुढे वाकून पडतो. हा भागांचा जुडगा आहे, यात ‘कोणी’ नाही, असा पुरावा.

येथे भदन्त नागसेन उपस्थित असते तर हसले असते. मिलिंदपञ्हात राजा विचारतो की केस म्हणजे नागसेन काय, नखे म्हणजे नागसेन काय. आणि स्थविर उलट विचारतात की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. रथ हे केवळ नाव आहे, आणि त्या नावासाठी मूळ पालीत जे प्रतिशब्द एकामागून एक येतात, त्यांत ‘समञ्ञा’ हाही आहे. वासेट्ठ सुत्तात ज्या शब्दाने जातीचे खरेपण काढून घेतले, त्याच शब्दाने मिलिंदपञ्हात आत्म्याचे खरेपण काढून घेतले आहे. रायकरचा पुरावा खरा आहे. फक्त तो न्यायाधीशालाही लागू पडतो. आपण सारेच सुटे होणारे आहोत.

मग अधिकार कशाच्या बळावर मागावयाचे? निरीश्वर आणि अनात्मवादी धम्माला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बचाव करणारा कॅप्टन पिकार्ड अडलेला असताना गायनन ही स्त्री, ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग याही कृष्णवर्णीय, त्याला सुचविते की नकोशी कामे करून घेण्यासाठी, ज्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही अशी माणसे जगात नेहमीच ठेवलेली असत. गुलामी हा शब्द पिकार्डच्या तोंडी येतो, तिने तो वापरलेलाही नसतो. निकाल देणारी न्यायाधीश डेटाला आत्मा आहे असे म्हणत नाही. त्याला आहे की नाही, आपल्याला तरी आहे की नाही, हे ठाऊक नाही; परंतु त्याचा शोध घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे, असे ती ठरविते. भारताच्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आहे, आत्मा नाही. त्या मांडणीशी हा निकाल जुळतो. किराच्या भागात देवतांचा कौल लागतो आणि डेटाच्या भागात लागत नाही, म्हणून दुसरा आम्हांस वरचढ वाटतो. त्याची लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास या पूर्वी वकिली करीत होत्या, हे त्यातील उलटतपासणीवरून ओळखू येते.

शेवटी ११ फेब्रुवारी १९९८ च्या ‘फार बियॉन्ड द स्टार्स’विषयी. यात यान नाही, ग्रह नाहीत. १९५३ चे न्यू यॉर्क आहे आणि बेनी रसेल हा कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक आहे. मासिकाच्या लेखकांचे छायाचित्र काढावयाचे ठरते, तेव्हा बेनीने आणि एका लेखिकेने त्या दिवशी उशिरापर्यंत झोपावे, असे संपादक सुचवितो. वाचकांना लेखक गोरा पुरुषच वाटला पाहिजे. बाबूराव बागूल यांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाचे शीर्षकच येथे आठवते. चोरी करावयास लावणारा मात्र नामानिराळा राहतो. बेनी भविष्यातील कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो. संपादक नाकारतो. हे सारे स्वप्न होते असा शेवट कर म्हणजे छापता येईल, असे एक सहकारी सुचवितो आणि बेनी ते मान्य करतो. तरीही प्रकाशक तो संपूर्ण अंकच नष्ट करावयास लावतो. बेनी कोसळतो. मुख्य भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही एव्हरी ब्रुक्स यांचे आहे, आणि तो कोसळण्याचा प्रसंग त्यांनी इतका लांबविला आहे की पाहणाऱ्याला नजर वळवावीशी वाटते. काहींना तो अतिनाट्य वाटतो. आम्हांस वाटत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी परळच्या पोयबावडीतून ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही ‘केसरी’ने घेतली नव्हती. छापून न येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना बेनीचा आक्रोश मोजूनमापून ऐकता येत नाही.

विहारातील तरुण मंडळींना एका संध्याकाळी दोनच भाग दाखवावयाचे असतील तर ‘ॲक्सेशन’ आणि ‘कोजेनिटर’ लागोपाठ दाखवावेत. प्रत्येकी सुमारे पाऊण तासाचे आहेत. संवाद इंग्रजीत आहेत, तेव्हा कथानक आधी मराठीत सांगावे, शेवट मात्र सांगू नये. आणि दुसरा भाग संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत.